गाडी नवी, रूप जुनं : '३५०'च्या आकड्यामागची क्लासिक मोटरसायकलची गोष्ट

सिग्नलला तुमच्या शेजारी एक गाडी येऊन थांबते. गोल हेडलाइट, थेंबाच्या आकाराची टाकी, तारांची चाकं, क्रोमचा लांब सायलेन्सर. तुम्हाला वाटतं, कुणीतरी आजोबांची गाडी मस्त चकाचक करून घेतलीय. सिग्नल सुटतो, गाडी पुढे जाते आणि नंबर प्लेट दिसते. गाडी जेमतेम सहा महिन्यांची असते.

गाडी कोरी करकरीत, पण दिसायला १९५०च्या दशकातली. अशा मोटरसायकलींचा भारतात सध्या मोठा बाजार आहे. रॉयल एनफिल्ड २०१० मध्ये वर्षाला साधारण ५० हजार गाड्या विकायची. २०२४-२५ या आर्थिक वर्षात याच कंपनीने १० लाखांचा टप्पा ओलांडला. जावा परत आली, येझदी परत आली, बीएसए आली. ट्रायम्फच्या गाड्या तर आपल्या चाकणमध्ये तयार व्हायला लागल्या.

पण याच काळात, जी गाडी खरोखर जुनी आहे ती घरात ठेवणं मात्र महाग आणि किचकट होत चाललंय. नव्या 'जुन्या' गाडीला करात सवलत आणि खऱ्या जुन्या गाडीला वाढीव फी, असं हे चित्र आहे. हे कसं झालं, ते समजून घ्यायचं तर आधी थोडं मागे जावं लागेल.

फटफटी भारतात आली कशी?

आपल्याकडे मोटरसायकलला 'फटफटी' म्हणायचे. हे नाव गाडीच्या आवाजावरून पडलं. आणि हा आवाज ज्या गाडीने भारतभर पोहोचवला ती म्हणजे बुलेट.

रॉयल एनफिल्ड मूळची इंग्लंडमधल्या रेडिच गावची कंपनी. तिची पहिली मोटरसायकल १९०१ ची आणि बुलेट हे नाव १९३२ पासूनचं. स्वातंत्र्यानंतर सीमाभागात गस्त घालायला भारतीय लष्कराला दणकट मोटरसायकल हवी होती आणि त्यासाठी ३५० सीसीची बुलेट निवडली गेली. १९५५ मध्ये मूळ कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून 'एनफिल्ड इंडिया' काढली. मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला कारखाना उभा राहिला. सुरुवातीला इंग्लंडहून सुटे भाग यायचे आणि इथे जोडले जायचे. हळूहळू सगळी गाडीच इथे बनू लागली.

पुढे गंमत झाली. जपानी गाड्यांच्या स्पर्धेत ब्रिटिश मोटरसायकल उद्योग कोसळला. १९६७ मध्ये रेडिचचा कारखाना बंद झाला आणि १९७० पर्यंत इंग्लंडमधली रॉयल एनफिल्ड संपली. पण मद्रासमध्ये तीच बुलेट बनत राहिली. बाहेरच्या स्पर्धेला दार बंद होतं, गिऱ्हाईक ठरलेलं होतं, त्यामुळे गाडी बदलायची फारशी गरजच पडली नाही. आज आपण ज्याला 'वारसा' म्हणतो, त्यातला बराचसा भाग हा त्या बंद बाजारपेठेने टिकवून ठेवलाय.

जावाची गोष्टही अशीच. फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये चेकोस्लोव्हाकियात मोटरसायकली बनवायला सुरुवात केली. पहिली गाडी बनवायचा परवाना त्यांनी 'वाँडरर' या जर्मन कंपनीकडून घेतला होता. यानेचेकमधला 'या' आणि वाँडररमधला 'वा' मिळून 'यावा'. आपण त्याचं 'जावा' केलं. रुस्तम इराणी आणि फारूख इराणी यांनी म्हैसूरला 'आयडियल जावा' कंपनी काढली आणि १९६१ पासून तिथे २५० सीसीच्या जावा बनू लागल्या. १९७०च्या दशकात याच गाड्या 'येझदी' या नावाने विकल्या जाऊ लागल्या. येझदी हे नाव इराणमधल्या यझ्द शहराशी नातं सांगणारं.

येझदी चालवलेल्या कुणालाही विचारा, एक गोष्ट ते हमखास सांगतील : किक मारायची दांडी आणि गिअरची दांडी एकच. किक मारून झाली की तीच दांडी पुढे वळवायची आणि गिअर टाकायचा. ज्यांना हे माहीत नसायचं ते गाडी चोरायला आले तरी चालवू शकायचे नाहीत, असं गमतीने म्हणतात.

तो आवाज नेमका येतो कुठून?

बुलेटचा 'डुग-डुग' आवाज सायलेन्सरमधून येतो असं बहुतेकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. त्याचं मूळ इंजिनाच्या आकारात आहे.

जुन्या ३५० बुलेटमध्ये एकच सिलिंडर असायचा. त्याचा व्यास ७० मिलिमीटर आणि आतला पिस्टन वर-खाली जाण्याचं अंतर ९० मिलिमीटर. या दोन आकड्यांवरून हिशोब केला की ३४६ सीसी येतात. व्यासापेक्षा पिस्टनचा प्रवास जास्त, म्हणजे हे 'लाँग स्ट्रोक' इंजिन. असं इंजिन फार वेगाने फिरत नाही, पण कमी वेगातही जोर लावून ओढतं.

फोर-स्ट्रोक इंजिनमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा पेट्रोलचा स्फोट होतो. समजा उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला १,००० फेऱ्या मारतंय. म्हणजे मिनिटाला ५०० स्फोट, सेकंदाला साधारण आठ. एकच सिलिंडर असल्याने मधली जागा भरून काढायला दुसरं कुणी नाही. त्यात फिरणारं फ्लायव्हील जड. म्हणून आपल्या कानाला प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. चार सिलिंडरच्या गाडीत हेच ठोके एकमेकांत मिसळून सलग आवाज होतो.

आता २०२१ मध्ये आलेली नवी क्लासिक ३५० बघा. व्यास ७२ मिलिमीटर, स्ट्रोक ८५.८ मिलिमीटर, क्षमता ३४९ सीसी. आतलं तंत्र पूर्ण वेगळं आहे. कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. हादरे कमी करायला बॅलन्सर शाफ्ट आला. पण इंजिन लाँग स्ट्रोकच ठेवलं, कारण तो ठोका गेला असता तर गिऱ्हाईकही गेलं असतं.

गरजेची वस्तू शोभेची झाली

क्लासिक मोटरसायकलच्या डिझाइनमधली खरी मजा इथे आहे. आज आपल्याला जे 'स्टायलिश' वाटतं, ते त्या काळी कुणी शोभेसाठी केलेलं नव्हतं.

सीटखालच्या स्प्रिंग घ्या. सुरुवातीच्या मोटरसायकलींना मागे सस्पेन्शनच नसायचं. मागचं चाक थेट फ्रेमला जोडलेलं. खड्ड्याचा दणका थेट पाठीला बसायचा, म्हणून सीटलाच स्प्रिंग लावायचे. पुढे मागचं सस्पेन्शन आलं आणि स्प्रिंगची गरज संपली. तरी 'क्लासिक' दिसावं म्हणून अलीकडच्या काळातही अशी सीट मिळत राहिली.

तारांच्या चाकांचंही तसंच. त्या काळी हलकं आणि धक्का सहन करणारं चाक बनवायची तीच सोपी पद्धत होती. आज अलॉय व्हील आणि ट्युबलेस टायरची सोय आहे. साध्या तारांच्या चाकात मात्र ट्यूब लागते, त्यामुळे रस्त्यात पंक्चर झालं की चाक उघडण्याशिवाय पर्याय नाही. तरी लोक तारांचीच चाकं मागतात.

सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे इंजिनावरच्या पट्ट्या, ज्यांना फिन म्हणतात. हवेने इंजिन थंड व्हावं म्हणून त्या असतात. जितक्या पट्ट्या, तितकी हवा लागायला जास्त जागा. पण २०१८ मध्ये परत आलेल्या जावाचं २९३ सीसीचं इंजिन लिक्विड कूल्ड आहे. म्हणजे त्याला थंड ठेवायचं काम मुख्यतः रेडिएटर करतो. तरी त्यावर पट्ट्या आहेत, कारण त्यांच्याशिवाय ती जावा वाटली नसती. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर ही जुन्या जावाची ओळखही नव्या गाडीत तशीच ठेवली गेली.

काही गोष्टी मात्र खरंच गेल्या. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असायचा. किक मारण्याचं तर शास्त्र होतं : अँपिअर मीटरचा काटा मध्यभागी आणायचा, डिकॉम्प्रेसर दाबायचा, किक थोडी खाली घ्यायची आणि मगच दणका द्यायचा. चुकलं तर किक उलटी येऊन पायावर बसायची. नव्या क्लासिक ३५० ला किकच नाही. बटण दाबा आणि निघा.

थोडक्यात, गिऱ्हाईकाला जुन्या गाडीचं रूप आणि आवाज हवाय, तिचा त्रास नकोय. आणि त्यात चूक काहीच नाही. ब्रेक लागणारी, एबीएस असलेली, रोज सुरू होणारी गाडी ही चांगलीच गोष्ट आहे.

मग या गाड्या बंद का पडल्या होत्या?

१९८०च्या दशकात भारतीय आणि जपानी कंपन्या एकत्र येऊ लागल्या. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. हलकी, न कुरकुरणारी आणि मुख्य म्हणजे पेट्रोल कमी पिणारी. त्याच वर्षी यामाहा आरएक्स १०० आली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर आणि वजन शंभर किलोच्या आसपास. पोरांना आणखी काय हवं होतं?

दूध घालणारे, नोकरीला जाणारे, शाळेतले मास्तर या सगळ्यांचा हिशोब 'एका लिटरला किती जाते' या प्रश्नावर येऊन थांबायचा. त्या हिशोबात बुलेट आणि येझदी बसत नव्हत्या. वर प्रदूषणाचे नियम आले आणि १९९६, २००० असे टप्प्याटप्प्याने कडक होत गेले. टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलबरोबर ऑइलही जाळतं, त्यामुळे धूर जास्त. त्यांना हे नियम पाळणं अवघड होतं. १९९६ मध्ये म्हैसूरचा येझदीचा कारखाना बंद झाला आणि आरएक्स १०० चं उत्पादनही त्याच वर्षी थांबलं.

बुलेट कशीबशी तगली. आयशर समूहाने १९९४ मध्ये कंपनी ताब्यात घेतली, तरी २०००च्या सुमाराला ती विकावी किंवा बंद करावी असा विचार सुरू होता. तेव्हा २६ वर्षांच्या सिद्धार्थ लाल यांनी ती सावरायची जबाबदारी घेतली. २००९ मध्ये भारतात 'क्लासिक' हे मॉडेल आलं आणि बाजारच बदलला. तोवर लोकांच्या हातात थोडा पैसा आला होता. मोटरसायकल ही फक्त कामावर जायची वस्तू राहिली नव्हती, ती लडाखला जायचं स्वप्न झाली होती.

जीएसटीची रेघ ३५० वरच का?

आता येऊया सध्याच्या मुद्द्यावर. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर आधी २८ टक्के जीएसटी आणि ३ टक्के उपकर, म्हणजे ३१ टक्के होते. ते ४० टक्के झाले.

साधा हिशोब करू. समजा एका ३४९ सीसी गाडीची कराआधीची किंमत दीड लाख आहे. जुन्या दराने ती १ लाख ९२ हजारांना पडायची. नव्या दराने १ लाख ७७ हजारांना. १५ हजार वाचले. आता दुसरी गाडी, ३५० च्या वरची, कराआधीची किंमत अडीच लाख. आधी ३ लाख २७ हजार ५००, आता साडेतीन लाख. २२,५०० रुपये जास्त.

सरकारचा विचार असा की ३५० च्या वरची गाडी ही चैनीची वस्तू आहे. पण इंजिनाच्या दृष्टीने बघितलं तर ३४९ आणि ३९८ सीसीमध्ये सामान्य आणि श्रीमंत ठरवणारा असा कुठला मोठा फरक नाही. चाकणमध्ये बजाज बनवत असलेली ट्रायम्फ स्पीड ४०० ही ३९८ सीसीची. ती रेघेच्या पलीकडे गेली. क्लासिक ३५० आणि ३३४ सीसीच्या जावा-येझदी अलीकडे राहिल्या. सगळ्या दुचाकींना एकच १८ टक्के दर असावा, अशी मागणी सिद्धार्थ लाल यांनी दर जाहीर होण्याआधी जाहीरपणे केली होती. त्यांचीच ३५० सीसीची गाडी स्वस्त झाली, पण ४५० आणि ६५० सीसीच्या गाड्या महाग झाल्या.

याचा परिणाम फक्त किमतीवर होत नाही, तर गाडी कशी बनवायची यावरही होतो. जिथे कराची रेघ असते, तिथे कंपन्या इंजिनाचा आकार रेघेच्या आत बसवायचा विचार करू लागतात. ब्रिटिश काळातून आलेला ३५० चा आकडा आता करामुळे आणखी पक्का होणार, अशीच चिन्हं आहेत.

आणि घरातल्या जुन्या गाडीचं काय?

हा या सगळ्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे.

खासगी मोटरसायकलची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. यासाठीची फी एकेकाळी ३०० रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती १,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांपेक्षा जुन्या मोटरसायकलींसाठी ती २,००० रुपये केली. महाराष्ट्रात जुन्या वाहनांवरचा पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो.

दिल्लीची परिस्थिती आणखी कडक आहे. तिथे १५ वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाड्या रस्त्यावर आणायला बंदी घालण्यात आली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर पेट्रोलच द्यायचं नाही, असा प्रयोगही सुरू झाला. लोकांच्या नाराजीनंतर काही दिवसांतच तो थांबवावा लागला. महाराष्ट्रात अशी बंदी नाही, पण धोरणाची दिशा त्यावरून कळते.

'मग गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवू की', असं तुम्ही म्हणाल. त्यासाठी केंद्राने जुलै २०२१ मध्ये नियम केले आहेत. ते असे :

- पहिल्या नोंदणीला ५० वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला हवा.
- गाडी मूळ रूपात हवी. फ्रेम, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेले चालत नाहीत.
- नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, पुढच्या नोंदणीची ५ हजार रुपये. मुदत १० वर्षं.
- नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं येतात.
- गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते.

आता आकडेमोड करा. २०२६ मध्ये १९७६ किंवा त्याआधीचीच गाडी व्हिंटेज ठरेल. १९८३ मध्ये आलेली राजदूत ३५० सर्वात आधी २०३३ मध्ये व्हिंटेज होईल. १९८५ ची आरएक्स १०० त्यासाठी २०३५ पर्यंत थांबेल, आणि १९९६ मध्ये बनलेली शेवटची आरएक्स १०० तर २०४६ पर्यंत.

म्हणजे १५ ते ५० वर्षं या मधल्या वयातल्या गाड्यांना 'वारसा' म्हणून कुठलाच दर्जा नाही. कायद्याच्या नजरेत त्या फक्त म्हाताऱ्या गाड्या आहेत. आणि लोकांच्या घरात खरोखर सांभाळून ठेवलेल्या गाड्या बहुतेक याच वयाच्या आहेत. वडिलांची पहिली येझदी, काकांची आरएक्स १०० किंवा लग्नात मिळालेली राजदूत.

दुसरी बाजूही खरी आहे. जुनं टू-स्ट्रोक इंजिन आजच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त धूर सोडतं. शहरातली हवा आधीच वाईट असताना अशा गाड्या रोज पळवाव्यात, असं कुणी म्हणणार नाही. पण रोज ४० किलोमीटर धावणारी गाडी आणि महिन्यातून दोनदा रविवारी बाहेर निघणारी गाडी यांना एकाच मापाने मोजणं बरोबर आहे का? वयाऐवजी वापर आणि प्रत्यक्ष धूर मोजून नियम करता येतील. ५० वर्षांच्या आतल्या, मूळ रूपात जपलेल्या आणि मर्यादित वापराच्या गाड्यांसाठी मधली एखादी पायरी ठेवता येईल. सध्या ती नाही.

पेट्रोलचा नवा प्रश्न

यात भर पडली आहे ई-२० पेट्रोलची, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची. हे इथेनॉल उसापासूनही बनतं, त्यामुळे महाराष्ट्रातले साखर कारखाने आणि ऊस उत्पादक यांचा त्यात थेट संबंध आहे. एकाच घरात उसाच्या बिलाची वाट बघणारे आजोबा आणि जुन्या बुलेटच्या पेट्रोल पाइपची काळजी करणारा नातू असू शकतो.

नव्या गाड्या ई-२० साठी बनवलेल्या असतात. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, वायसर आणि कार्ब्युरेटरमधले काही भाग मात्र त्या काळच्या साध्या पेट्रोलसाठी होते. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली तर लोखंडी टाकीला आतून गंज धरायची भीती असते. जुन्या गाड्यांचं मोठं नुकसान होत नाही, फार तर काही रबरी भाग बदलावे लागतील, असं सरकारचं म्हणणं आहे.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर

पहिली गोष्ट, आरसी बुक शोधा आणि मुदत कधी संपते ते बघा. मुदत उलटली की दुचाकीला दरमहा ३०० रुपये विलंब शुल्क लागू शकतं. गाडी वारलेल्या आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर आधी ती वारसाच्या नावावर करून घ्या, कारण पुढची सगळी कामं त्यावर अडतात. चासी आणि इंजिन नंबर कागदाशी जुळतो का ते तपासा. इंजिन बदललेलं असेल आणि त्याची नोंद नसेल, तर पुढे व्हिंटेज नोंदणीलाही अडचण येईल. पेट्रोलचे पाइप जुने असतील तर बदलून घ्या, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणार असाल तर टाकीत जुनं पेट्रोल साचू देऊ नका.

आणि विकत घेताना सावध राहा. आरएक्स १०० आणि राजदूत ३५० च्या नावावर सध्या वाटेल ती किंमत सांगितली जाते. रील बघून भुलू नका. आधी कागद बघा, मग इंजिन, आणि रंग सगळ्यात शेवटी.

शोरूममधली नवी क्लासिक उद्याही मिळेल, तिचं उत्पादन चालू आहे. म्हैसूरच्या कारखान्यातून बाहेर पडलेली येझदी मात्र आता नव्याने बनणार नाही. पत्र्याखाली धूळ खात उभी असलेली तशी एखादी गाडी भंगारवाल्याकडे जाण्याआधी तिची कागदपत्रं एकदा उघडून बघायला काय हरकत आहे?